बाराव्या बिच्छूवरचं नाव

विंचवाला आठ पाय असतात. पुढच्या दोन नांग्या वेगळ्या. हे मी बालाघाटला मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, फळ्यावर काढून दाखवलं, चुकणारीकडून दहा दहा वेळा लिहून घेतलं. आणि माझ्याच घरातून चार वर्षांत विंचवाची बारा पुस्तकं बाहेर पडली, त्यांतल्या एकाही मुखपृष्ठावरच्या विंचवाला आठ पाय नव्हते. कुठे सहा, कुठे दहा, एकदा तर पाचच. त्या चित्रकाराने जन्मात विंचू पाहिला नसावा. झिंगा पाहिला असेल, तोही ताटात.

ही पुस्तकं माझ्या नवऱ्याने लिहिली. हिंदीत, खिशात मावतील अशी, पिवळट कागदावरची. दिवसा ते तहसील कचेरीत कारकून होते, आणि सकाळी कचेरीची वेळ होईपर्यंत व रविवारी दिवसभर ते बिच्छू नावाच्या एका इसमाचे कारनामे लिहीत. बिच्छू काळा मुखवटा घालायचा, देवळाखालच्या भुयारात राहायचा आणि त्याच्या अंगठीत नांगी होती. त्या नांगीने तो बँकवाले, हिरेवाले आणि तस्करांच्या बायका यांना टोचायचा. टोचलं की माणूस निळा पडायचा. विंचू चावून निळा पडलेला माणूस मी तरी पाहिला नाही, पण माझं कोण ऐकतं!

मी हे सगळं नुसतं वाचलं असतं तर एक वेळ ठीक होतं. मला ते लिहावं लागलं. नवऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने अंगण उकरावं तसं. पहिलं हस्तलिखित प्रकाशकाने परत पाठवलं होतं, वाचता येत नाही म्हणून. मग माझ्या अक्षराची आठवण झाली. माझं अक्षर छापल्यासारखं, हे माहेरीही म्हणायचे आणि शाळेतही. तेव्हापासून आखीव कागदांचे ताव माझ्यापुढे यायला लागले आणि मी पोळ्या आटोपून, शाळेला जायच्या आधी, बिच्छूचं भुयार सुवाच्य अक्षरात उतरवायला लागले. त्यांची पत्रंही मीच लिहायची. ते सांगायचे, मी लिहायची, खाली सहीसुद्धा मीच ठोकायची. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं.

बिच्छू हसायचा फार. कारण नसताना हसायचा. एका पानावर मी अकरा ‘हा’ मोजले.

“इतके काहून हसते हा?” मी विचारलं.

“खलनायक आहे नं तो. त्याले हसाच लागते.”

“आणि पाय? तुमीच लिहिलं, सहा पायाचा विंचू त्याच्या छातीवर गोंदलेला आहे म्हणून. आठ असते.”

“पाय मोजाले कोण बसते वं? वाचकाले पाय मोजाचे नसतात.”

मी गुपचूप आठ केले. प्रकाशकाने छापताना परत सहा केले.

पुस्तकावर मात्र नवऱ्याचं नाव नसे. प्रकाशक उत्तरेकडच्या एका शहरातला, त्याने लेखकाचं एक नाव बनवून ठेवलं होतं. तसा माणूस जगात नव्हता. त्या नावामागे चार-पाच गावांतले चार-पाच कारकून-मास्तर लिहीत असावेत. मागच्या बाजूला एका जाडजूड गृहस्थाचा गॉगल घातलेला फोटो. तो कुणाचा होता देव जाणे. करार असा की अकरा पुस्तकं त्या बनावट नावाने, आणि बारावं निघेल ते लेखकाच्या स्वतःच्या नावाने. या एका आशेवर माझ्या नवऱ्याने चार वर्षं सकाळच्या चहाकडेही नीट पाहिलं नाही. मोबदल्याचा विषय निघाला की ते हात झटकायचे. त्यांना नाव पाहिजे होतं, दुसरं काही नाही.

आणि ते नाव त्यांना गावाला दाखवायचं नव्हतं, मामाजींना दाखवायचं होतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते नागपूरच्या अमलातले जुने नोकरदार. छप्पन साली बालाघाटची कचेरी भोपाळकडे पाहायला लागली, फायली हिंदीत आल्या, तेव्हा त्यांची थोडीच नोकरी उरली होती. ती त्यांनी तोंड वाकडं करून संपवली. घरात मराठी मासिकांचे गठ्ठे रचलेले. मुलगा पुस्तक लिहितो म्हटल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, “कोणत्या भाषेत?” आणि दुसरा प्रश्न, “कशावर?” दोन्ही उत्तरं ऐकून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. त्यानंतर त्या विषयावर बापलेकांत एक शब्द झाला नाही. बनावट नावाची अकरा पुस्तकं त्यांच्या खोलीच्या दारावरून आत-बाहेर गेली, त्यांनी एकालाही हात लावला नाही.

मला मामाजींचं पटायचं. खरं सांगते, मला त्या पुस्तकांची किळस होती. मी शिकलेली, विज्ञान शिकवणारी, आणि हे काय, तर विंचवांनी भरलेला हौद आणि त्यावर दोरीने लटकवलेली बाई! हौदातले विंचू वर उड्या मारतात म्हणे. विंचू उडी मारत नाही. विंचू बिचारा उजेड पाहिला की दगडाखाली पळतो. त्याला बँक लुटायची नसते की जगावर राज्य करायचं नसतं.

सहाव्या पुस्तकात बिच्छू सुधारला. वाचकांना तो आवडायला लागल्याचं प्रकाशकाने कळवलं, तेव्हा खलनायकाचा नायक करण्यात आला. मुखवटा तोच, अंगठी तीच, हसणंही तेच; फक्त आता तो हिरेवाल्यांऐवजी देशाच्या दुश्मनांना टोचायला लागला. इतक्या सहज माणूस सुधारत असता तर शाळेत मी छड्या कशाला मोडल्या असत्या?

आणि हा एकटाच नव्हता. शाळेत जप्त केलेल्या वस्तूंचं एक कपाट होतं, त्याची किल्ली माझ्याकडे. त्यात मुलींच्या भूगोलाच्या पुस्तकांतून निघालेल्या कादंबऱ्या आणि पुढे पुढे चित्रकथाही जमल्या. मी पाहिलं, विंचवांचा नुसता सुकाळ होता. कुणाला शेपटीतून वीज निघते, कुणी विंचू चावल्यावर भिंती फोडायला लागतो, एक राजकन्या होती ती केसांत विंचू माळायची. मला वाटतं, नाग शंकराने घेतला, वाघ देवीने घेतला, गरुड विष्णूने घेतला, आणि या लोकांना वाटणीत उरलासुरला विंचू आला. त्यांनी त्याला कपडे शिवून घातले आणि टोळीचा म्होरक्या केला. ज्याला कधी विंचू चावला नाही, असाच माणूस हे करू शकतो.

मला चावला होता. सातव्या पुस्तकाच्या वेळची गोष्ट. माझं माहेर कटंगीजवळच्या एका खेड्यात. धानकापणीच्या दिवसांत आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. मी हौसेने शेतात गेले, कापून ठेवलेली पेंढी उचलली, आणि उजव्या हाताच्या बोटाला जे काही झालं त्याला शब्द नाही. आगीची सुई म्हणतात, तसं काही नाही. मला ओकारी आली, घाम सुटला, आणि मी सहावीच्या मुलीसारखं भोकाड पसरलं. आईने धरून बांधावर बसवलं.

आमच्या गावात विंचू उतरवणारी एक म्हातारी होती. तिचे नियम होते. बोलावणं आलं की ताटावरून उठून यायचं. कुणाला नाही म्हणायचं नाही, भांडण असलेल्या घरालाही नाही. आणि ज्याच्या घरी विंचू उतरवला त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. ती उन्हातून लगबगीने आली. काही विचारपूस न करता सरळ माझ्या खांद्याशी बसली.

“कुठवरी आली कळ, बाई?”

“कोपरावरी.”

ती पुटपुटत खांद्यापासून खाली हात फिरवत राहिली. मंत्राने विष उतरतं असं विज्ञानाच्या बाईने म्हणू नये, आणि मी म्हणतही नाही. पण तिचा हात फिरत होता तोवर मी रडायची थांबले, एवढं खरं. आणि माझा नवरा? तो माझ्या डाव्या बाजूला उकिडवा बसला होता, हातात पेन्सिल आणि एका पाकिटाचा मागचा भाग.

“नीट सांग. आधी जळते का आधी ठणकते?”

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. “जवाईबुवा, जरा तिकडं होता का?”

ते उठून तिकडे झाले, पण पेन्सिल खिशात गेली नाही. पुढे सातव्या पुस्तकात काय आलं? बिच्छूला एकदम चाळीस विंचू चावतात आणि तो म्हणतो, माझ्या रक्तात विषच वाहतं, आणि हसतो. नऊ वेळा हा.

ते पान उतरवताना मी त्यांना म्हटलं, “इतके वर्षं त्या बुढीनं विंचू उतरवले. तिचं नाव कुठं छापलं आहे? तुमाले काहून पाहिजे नाव, अन् असल्या पुस्तकावर?”

त्यांना राग आला नाही. रागावणारा माणूसच नव्हता तो. म्हणाले, “ते बुढी आली तं अख्खं गाव तिले ओळखते. मले बाबा ओळखत नाही.”

मी पुढचा ताव ओढला आणि लिहायला घेतलं. मला त्या वेळी त्या वाक्याची दया यायला पाहिजे होती. आली नाही. मला वाटलं, हेही पुस्तकातलंच वाक्य.

बारावं पुस्तक लिहून झालं, मी ते उतरवलं, पाठवलं. सरकारी माणसाला पुस्तक आपल्या नावाने छापायचं तर वरून परवानगी लागते. तीही त्यांनी रीतसर मागितली आणि मिळाली, कारण त्यांचे साहेब स्वतः बिच्छूचे वाचक निघाले. आता काही अडचण नव्हती. त्याच सुमारास शाळेत एक प्रसंग घडला.

आठवीच्या एका मुलीकडून मी नववं पुस्तक काढून घेतलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तेव्हा शिक्षिकांच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, मधलंच पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. वाचायची त्यांची लकब अशी की मेलेला माणूस हसेल. बिच्छू देशद्रोह्याला म्हणतो, तुझा अंत माझ्या नांगीत लिहिला आहे. सगळ्या शिक्षिका पोट धरधरून हसल्या. मला ते वाक्य ठाऊक होतं, मी ते माझ्या हाताने लिहिलं होतं, शाईचा डाग पडला म्हणून दोनदा. मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

“कोण मूर्ख लिहितो गं हे?” मोठ्या बाईंनी मागच्या गॉगलवाल्याकडे पाहत विचारलं.

“असेल कोणी रिकामटेकडा,” मी म्हणाले.

घरी आले तर प्रकाशकाचं पत्र आलेलं. बारावं पुस्तक ठरल्याप्रमाणे आपल्या नावाने काढत आहोत, नाव कसं छापायचं ते स्पष्ट अक्षरात कळवावं, मराठी नावं आमच्याकडे चुकतात. माझ्या नवऱ्याने ते पत्र किती वेळा वाचलं याला गणती नाही. तीन दिवस ते रद्दी कागदांवर स्वतःचं नाव लिहून पाहत होते. हिंदीवाले लिहितात तसं नुसतं नाव आणि आडनाव, की आपल्या पद्धतीने मध्ये वडिलांचं नाव घालून?

“मधात बाबाचं नाव टाकतो,” ते शेवटी म्हणाले. “लंबं होते, होऊ दे. सोताचं नाव छापलेलं असलं तं बाबा एकदा तरी हातात घेतीन.”

आणि मला पत्र लिहायला सांगून ते अंघोळीला गेले.

मी लिहायला बसले. माझ्या डोळ्यांपुढे शिक्षिकांची खोली होती. नवऱ्याचं आडनाव तेच माझं आडनाव. गावात त्या आडनावाचं दुसरं घर नाही. मोठ्या बाई ते पुस्तक धरून वाचतील, आणि मग मागच्या बाजूला नाही, माझ्याकडे पाहतील. मामाजींच्या नावाची कुचेष्टा होईल, असंही मी स्वतःला सांगितलं, पण ते निमित्त होतं. मला माझी लाज वाचवायची होती. मी शुद्ध हिंदीत, सुंदर अक्षरात लिहिलं की काही घरगुती कारणांनी माझं नाव छापू नये, आधीचंच नाव चालू ठेवावं. खाली सही केली. नेहमी करायची तशीच. पाकीट चिकटवलं आणि शाळेला जाता जाता पेटीत टाकलं.

दोन-अडीच महिन्यांनी पार्सल आलं. रविवार होता. आत पाच प्रती. त्यांनी सुतळी कापली नाही, गाठ सोडवली. मुखपृष्ठावर सात पायांचा विंचू आणि वर तेच बनावट नाव. त्यांनी आतलं पान पाहिलं. मागे गॉगलवाला पाहिला. मग दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली, जणू एखाद्या प्रतीत तरी निघेल. मी दाराशी उभी होते.

“छापखान्यातल्यायची चूक असंन,” ते म्हणाले. “घाईत जुनाच ठसा लावून देल्ला असंन.”

“लिहून विचारा,” मी म्हणाले. का म्हणाले, मला आजही कळत नाही. ते हो म्हणाले असते तर?

“काय विचाराचं आता? छापून झालं. त्यायले कायले वाईट वाटू द्याचं?”

मग उठून त्यांनी पांढऱ्या चिकण्या कागदाची एक पट्टी कापली, त्या नावाच्या मापाची, कडा अगदी सरळ. ती माझ्यापुढे ठेवली आणि काळी शाई ठेवली.

“तुयं अक्षर छापल्यावानी आहे. मायं नाव लिहून दे. मधात बाबाचं.”

मी लिहिलं. तीन शब्द. बारा पुस्तकं उतरवताना जेवढी काळजी घेतली नसेल तेवढी घेतली. त्यांनी फुंकर घालून शाई वाळवली, खळीने पट्टी बसवली आणि प्रत घेऊन मामाजींच्या खोलीत गेले. मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी पुस्तक खिडकीकडे नेलं, चष्मा वर-खाली केला आणि नाव वाचलं. मुलाचं, स्वतःचं, आडनाव. दोनदा वाचलं.

“छपाई साफ आहे,” ते म्हणाले, आणि पुस्तक उशीशी ठेवलं.

नवरा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मला पाहवला नाही. तो खुश होता. मी चुलीपाशी जाऊन बसले. चार वर्षं मी त्या बारा पुस्तकांची लाज बाळगली होती, ती सगळी एकत्र केली तरी त्या दिवशी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी भरत नव्हती.

पुढे प्रकाशकाने तेरावं पुस्तक मागितलं. नवरा म्हणाला, “लिही त्यायले. ज्याचं नाव छापता, त्यालेच लिहाले सांगा.” मी कागद घेतला. या पत्राला उलट उत्तर आलं तर त्यात काय असेल हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं, एक अक्षर न बदलता, आणि पाकीट पेटीत टाकलं.

उत्तर आलं त्या दिवशी मी शाळेतून परतले तर पत्र मेजावर उघडं पडलं होतं. घडी सोडवलेली. ते ओसरीवर वाचत बसले होते, मामाजींचं कुठलंसं मासिक. त्यांनी मान वर केली, चहा ठेवलाय म्हणाले, आणि परत वाचायला लागले. त्या पत्राचा विषय आमच्यात निघाला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही कधी नाही.

फक्त दुसऱ्या दिवशी कचेरीचा रजेचा अर्ज लिहायचा होता. तो त्यांनी स्वतः लिहिला. त्यांच्या त्या अक्षरात, हळूहळू, ओळ सोडून ओळ. त्यानंतर त्यांनी मला काही लिहायला दिलं नाही, किराण्याची यादीसुद्धा नाही.